बर्फात सापडले, ते आपल्या हंड्यात कोण शोधणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाळकुमच्या बस्तीत एक तरुण पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकायला आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग, तोंडात साखर. त्याने दोन ग्लास मांडले. एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत विजेच्या तारेला जोडलेल्या दांड्या बुडवल्या आणि दोन मिनिटांत नळाचे पाणी चहासारखे तांबडे झाले. बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, हे आपण पितो?" सात घरांनी तिथल्या तिथे हप्त्यावर यंत्र नोंदवले.

मग बारावी सायन्सला असलेला आपला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "दादा, तुमच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि मग दांड्या बुडवा." विक्रेता नको नको म्हणत असताना त्याने मीठ टाकलेच. तेही पाणी तांबडे झाले. लोखंडी दांडी विजेने विरघळते, तो गंजाचा रंग असतो, पाण्यातली घाण नव्हे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि रंग येतो, एवढाच तो खेळ. पाहुणा बॅग आवरून गेला. सातांपैकी पाच घरांची नोंदणी रद्द झाली, दोघे आजही हप्ते भरत आहेत.

पण त्या दिवशी एका आजीने विचारलेला प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. ती म्हणाली, "त्याचं खोटं निघालं, बरं झालं. पण मग आपल्या पाण्यात खरं काय आहे, ते कुणाला ठाऊक आहे का?"

आरोग्याच्या पानावर आम्ही आजवर कावीळ, गॅस्ट्रो, डेंग्यू यांवर लिहिले. आज थोडे लांबून सुरुवात करतो, थेट एव्हरेस्टवरून. वाचकांनी कंटाळू नये, वाट बाळकुमलाच येते.

२०१९ साली शास्त्रज्ञांचे एक मोठे पथक एव्हरेस्टवर गेले होते. त्यांनी तळापासून वरपर्यंत ठिकठिकाणचा बर्फ आणि वितळलेले पाणी बाटल्यांत भरून आणले. किंबर्ली मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. जगातल्या सर्वांत उंच डोंगराच्या बर्फात 'पीफास' नावाच्या रसायनांचा अंश निघाला. जिथे कारखाना नाही, वस्ती नाही, झाडसुद्धा नाही, तिथे. काही भाग गिर्यारोहकांच्या जॅकेट-तंबूंतून आला असावा, काही वाऱ्याबरोबर आला असावा, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्याच वर्षी स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की तिबेटच्या पठारावर आणि अंटार्क्टिकावर पडणाऱ्या पाण्या-बर्फातही ही रसायने आहेत.

पीफास म्हणजे एक रसायन नव्हे, हजारो रसायनांचे कुटुंब आहे. यात कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ असते आणि ती रसायनशास्त्रातल्या सर्वांत घट्ट गाठींपैकी एक. ऊन, पाऊस, जंतू कोणालाच ती सहजी सुटत नाही. म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रे यांना 'फॉरेव्हर केमिकल्स' म्हणतात, आपण 'न मरणारी रसायने' म्हणू. पाणी आणि तेल दोन्ही चिकटू न देणे हा त्यांचा गुण. त्यामुळे नॉनस्टिक तव्याच्या धंद्यात, पावसाळी कोटात, डाग न पडणाऱ्या सोफ्याच्या कापडात, तेलकट खाऊच्या कागदात, आग विझवण्याच्या फेसात, आणि अनेक औषधे-कीटकनाशके बनवण्याच्या प्रक्रियेतही त्यांचा वापर झाला.

ही रसायने डोंगरावर पोचतात कशी, हे भाताच्या पातेल्यावरून समजते. पातेले चुलीवर असते, वाफ वर जाते आणि थंड झाकणाला लागली की थेंब होऊन बसते. पृथ्वीच्या बाबतीत उंच डोंगर हे असेच थंड झाकण आहे. खालच्या गरम प्रदेशातून उडालेली काही रसायने वाऱ्याबरोबर जातात आणि थंडीत बर्फाबरोबर खाली बसतात. बर्फाचे फूल हवेतून खाली येताना धूळही गोळा करत येते. ही गोष्ट काही आजची नाही. डीडीटी कधी अंटार्क्टिकावर फवारलेले नव्हते, तरी १९६० च्या दशकात तिथल्या पेंग्विनच्या अंगात ते सापडले. ते डीडीटी पुढे आपल्या शेजारी, रायगडातल्या रसायनी येथे सरकारी कारखान्यात तयार होत असे आणि मलेरियासाठी वस्त्या-वस्त्यांत मारले जाई. आमच्यातल्या वयस्करांना भिंतीवरचे ते पांढरे डाग आठवत असतील.

आता मोजण्याबद्दल. शास्त्रज्ञ सांगतात 'लिटरमागे इतके नॅनोग्रॅम', आणि आपले डोळे पांढरे होतात. आम्ही हिशोब मांडून पाहिला. आपल्या गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात बारीक मिठाचा एकच कण टाका, चिमूट नव्हे, एक कण. टँकरभर पाण्यात तो विरघळला की लिटरमागे साधारण पाच-सहा नॅनोग्रॅम होतात. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफाससाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ठरवली ती प्रत्येकी चार नॅनोग्रॅमची. म्हणजे टँकरात मिठाचा एक कण, तेवढेसुद्धा त्यांना जास्त वाटते.

इतके सूक्ष्म मोजायचे म्हणून नमुना घेणाऱ्याला फार जपावे लागते. टेफ्लॉनचे झाकण असलेली बाटली चालत नाही. पाणी न लागणारे जॅकेट घालून नमुना घेता येत नाही, कारण जॅकेटमधलेच रसायन बाटलीत उतरेल. सोबत अगदी शुद्ध पाण्याची एक बाटली नेतात, जागेवर उघडून पुन्हा बंद करतात आणि तीही तपासतात. त्यात काही सापडले तर चूक आपल्या हाताळणीत, हे कळते. मग प्रयोगशाळेत पाणी एका खास गाळणीतून सोडून त्यातले रसायन गोळा करतात आणि 'मास स्पेक्ट्रोमीटर' नावाच्या यंत्रात घालतात, जे रेणूच्या वजनावरून तो कोण आहे ते ओळखते. हे आम्ही इतक्या तपशिलाने लिहितो, कारण त्या विक्रेत्याच्या हातात दुसरे एक उपकरण होते, पेनासारखे टीडीएस मीटर. ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, तोही मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात. त्या पेनाने पीफास शोधणे म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर तीळ मोजणे.

या रसायनांना शास्त्रीय भाषेत 'नव्याने उद्भवणारे प्रदूषक' म्हणतात. हा शब्द आम्हाला फसवा वाटतो. टेफ्लॉनचा शोध १९३८ चा. पीएफओएस बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने ते बंद करण्याची घोषणा केली २००० साली. मधली साठेक वर्षे रसायन होतेच, शोधणारे नव्हते. नवे असते ते आपले पाहणे.

तब्येतीला काय होते? घाबरवायचे नाही, पण लपवायचेही नाही. ज्या भागांत पिण्याच्या पाण्यात ही रसायने जास्त होती, तिथे कोलेस्टेरॉल वाढणे, थायरॉइडचे विकार, बाळाचे जन्मवजन थोडे कमी भरणे, लसीचा परिणाम कमी होणे, मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ च्या अखेरीस पीएफओएला कर्करोगकारक ठरवले. एक घोट प्यायले आणि आजारी पडले, असे हे विष नाही. ते वर्षानुवर्षे रक्तात साठते. म्हणूनच त्याचा मोर्चा निघत नाही.

मोर्चा निघाला तो इटलीत, आणि काढला तो आयांनी. आल्प्सच्या पायथ्याला त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना अनेक वर्षे पीफास बनवत होता. डोंगरातून येणारे पाणी जिथे जमिनीत मुरते, नेमक्या त्या जागी. २०१३ मध्ये सरकारी संशोधन संस्थेच्या तपासणीत भूजल दूषित झाल्याचे उघड झाले. व्हिचेन्झा, वेरोना, पादोव्हा या भागांतल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी त्यात आले. पुढे मुलांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, कागदावर आकडे आले, आणि ते आकडे हातात धरून आया रस्त्यावर उतरल्या. 'पीफास नको म्हणणाऱ्या आया' असेच त्यांच्या संघटनेचे नाव आहे. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जुन्या अधिकाऱ्यांना दोषी धरून सर्वांची मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली.

इथवर ही दूरची गोष्ट होती. पण त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री आणि पेटंट लिलावात निघाली, तेव्हा ती घेतली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या आपल्याकडच्या कंपनीच्या उपकंपनीने. यंत्रे जहाजातून आली आणि बसली कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात, खेड आणि चिपळूणच्या मधल्या लोटे-परशुराम एमआयडीसीत. बाळकुमच्या आमच्या बस्तीत निम्मी घरे खेड, चिपळूण, मंडणगड, महाडकडची आहेत. शिमग्याला आणि मे महिन्यात आम्ही त्याच रस्त्याने गावी जातो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच जिल्ह्यातले.

आम्ही त्या कंपनीवर आरोप करत नाही. आम्ही नियमानुसारच काम करतो, असे कंपनी म्हणते, आणि घटकाभर ते शंभर टक्के खरे धरू. पण आपल्या देशाचे पिण्याच्या पाण्याचे मानक आहे ते आयएस १०५००, २०१२ चे. त्यात आर्सेनिक आहे, शिसे आहे, फ्लोराइड आहे, कीटकनाशके आहेत. पीफास नाही. प्रदूषण मंडळ नद्यांच्या नेहमीच्या तपासणीत पाण्यातला प्राणवायू, बीओडी, आम्लता, विष्ठेतले जंतू पाहते, तिथेही ते नाही. ज्या गोष्टीचा आकडाच लिहिलेला नाही, तिचा नियम पाळला की मोडला हे ठरवायचे कशावरून? युरोपातल्या माणसाला २० प्रकारच्या पीफासची मिळून लिटरला १०० नॅनोग्रॅमची मर्यादा, आणि लोट्याच्या भोयाला, मजुराला, आपल्या मावशीला काहीच मर्यादा नाही. यंत्र तेच आहे. बदलली ती फक्त नदी, आणि नदीकाठची माणसे.

पाणी आणि माणसाची किंमत यांचा हिशोब आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीत घेतले. ते बाटले म्हणून नंतर त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घागरी-घागरीने ओतून 'शुद्धी' झाली. खरे पाहता पाणी घाण झाले ते त्या शुद्धीने. तेव्हाही पाणी शुद्ध की अशुद्ध हे तपासून कुणी पाहत नव्हते. शिवणारा कोण एवढेच पाहत होते.

आता आपल्या नळाकडे. ठाण्याला पाणी येते ते भातसा, उल्हास आणि बारवी यांच्यावरून. महापालिकेची स्वतःची पिसे-टेमघर योजना, स्टेम, एमआयडीसी आणि थोडे मुंबई महापालिकेचे. मुंबईला जाणाऱ्या माणूस उभा मावेल एवढ्या जलवाहिन्या आमच्या बाळकुम-साकेतच्या अंगणातून जातात आणि आम्ही तासाभराच्या पाण्यासाठी हंडे लावतो, हा विनोद जुना झाला. ही सगळी नदीपात्रे सह्याद्रीची लेकरे. भातसा कसाऱ्याच्या घाटाकडून येते. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर, अंबरनाथच्या कडेने कल्याणला येते आणि आमच्या बाळकुमच्या खाडीतून समुद्राकडे जाते. वाटेत तिला वालधुनी मिळते. वालधुनीत नोव्हेंबर २०१४ मध्ये रसायनाचा टँकर ओतला गेला तेव्हा उल्हासनगरात शेकडो माणसे गुदमरून दवाखान्यात गेली होती. त्याच वर्षी जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. २०२० मध्ये तिथलाच रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला मुख्यमंत्री आले. 'वनशक्ती' संस्था राष्ट्रीय हरित लवादात गेली, २०१५ मध्ये कोट्यवधींचा दंड ठोठावला गेला, मग प्रकरण वरच्या न्यायालयात. मोहन्याला, जिथून कल्याण-डोंबिवलीचे पाणी उचलतात, तिथे जलपर्णी अजून दरवर्षी उगवते.

हिरवा पाऊस दिसला म्हणून बातमी झाली. टँकरातला मिठाचा कण कुणाला दिसणार?

डोंगरावरच्या बर्फाची तपासणी आपल्या कामाची आहे ती इथे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पाऊस पडतो, तोही घाटमाथ्यावर धो धो. शास्त्रज्ञ आधी डोंगर का तपासतात? कारण तिथे जे सापडते ते जगभराचे, आभाळातून आलेले. ते एकदा कळले की खाली जे जास्त सापडेल, ते वाटेत कुणीतरी घातलेले. राजमाचीजवळची एक बाटली, बदलापूरची एक, मोहन्याची एक, आणि बाळकुमच्या नळाची एक. चार बाटल्यांतला फरक सांगून टाकेल की भर कुठे पडली. 'प्रदूषण सगळीकडेच आहे हो' या उत्तराला त्या चार बाटल्या पुरेशा आहेत. गंगेच्या खोऱ्यात अशी तपासणी झाली, तिचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नदीत पंधरा प्रकारची पीफास निघाली. गंगेचे करता येते तर उल्हासचेही करता येते.

आम्ही आमच्या परीने प्रयत्न केला. बस्तीच्या नळाचे पाणी घेऊन एका प्रयोगशाळेत गेलो. आठवड्याने कागद मिळाला, 'पिण्यास योग्य'. कावीळ-गॅस्ट्रोच्या जंतूंच्या बाबतीत बरे वाटले. पीफासचे विचारले तर काउंटरवरच्या ताईंनी शब्द दोनदा लिहून घेतला आणि म्हणाल्या, "ही टेस्ट आमच्याकडे नाही." रागावण्यासारखे काही नव्हते, त्या प्रामाणिक होत्या. पण 'योग्य' म्हणजे 'जेवढे तपासले तेवढ्यापुरते योग्य', हे त्या दिवशी समजले.

काही जण म्हणतील, इथे पाइप गटारातून जातो, पावसाळ्यात मुलांना जुलाब लागतात, आणि तुम्ही कुठले एव्हरेस्टचे घेऊन बसलात! बरोबर आहे. आमचेही मत तेच, पहिला शत्रू जंतूच. पाणी उकळायचे सोडू नका, क्लोरीनचे थेंब टाका, हंडा झाका, ओगराळ्यानेच पाणी काढा. मात्र हेही लक्षात ठेवा की उकळल्याने पीफास जात नाही, पाणी आटल्याने उलट किंचित दाट होते. तुरटीनेही जात नाही. आरओने आणि चांगल्या कार्बन गाळणीने बरेच कमी होते हे खरे. पण आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो, आणि ज्या घरात दिवसाला एक तास पाणी येते, त्या घराने ते कुठून आणायचे? काढलेले रसायनही त्याच गटाराने खाडीत जाते. आरओ हा ज्याच्याकडे टाकी आहे त्याचा उपाय आहे. आपला उपाय पाणी जिथून उचलतात तिथेच हवा, सगळ्यांसाठी एकदाच. खरवडलेला नॉनस्टिक तवा मात्र भंगारात द्या आणि बिडाचा तवा पुन्हा काढा, भाकरीही चांगली फुगते. पण तवा बदलून नदी स्वच्छ होते, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आमचे मागणे तसे लहान आहे. मोठी प्रयोगशाळा आम्हाला बांधून नको, आयआयटी पवई आपल्या घरापासून फार लांब नाही. महापालिकेने, स्टेमने आणि एमआयडीसीने आपापल्या उचल-ठिकाणचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पीफाससाठी तपासून घ्यावे. आकडे मराठीत, वॉर्डाच्या फलकावर लावावेत. आणि मानकात मर्यादा घालण्याचे काम दिल्लीत आहे, त्यासाठी खासदारांना पत्र. कारखान्यात, गटारात, भंगारात काम करणारा माणूस आपला असतो, म्हणून कामगारांच्या रक्ताची तपासणीही मागायची. त्रिस्सिनोतही सर्वांत जास्त विष कामगारांच्याच रक्तात निघाले होते.

पहिले पाऊल माहितीच्या अधिकाराचे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लागतो, फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तर तीस दिवसांत. आम्ही तीन प्रश्न लिहिले आहेत. आमच्या नळाला कोणत्या योजनेचे पाणी येते? गेल्या तीन वर्षांत त्यात कोणकोणते घटक तपासले, त्यांचे अहवाल द्या. पीफासची तपासणी कधी झाली असल्यास तो अहवाल, आणि झाली नसल्यास तसे लेखी द्या. त्या आजींनी कच्चा मसुदा ऐकला आणि म्हणाल्या, "तिसरा प्रश्न पहिला टाक." टाकला.

अर्ज विहारात फळ्याशेजारच्या टेबलावर ठेवला आहे. माहितीचा अर्ज एकाच्या नावाने जाईल, पण सोबत पाणीपुरवठा विभागाला द्यायच्या निवेदनावर जितक्या सह्या होतील तितक्या हव्यात. रविवारी वंदनेनंतर या. येताना चष्मा आणा, १५० शब्दांत बसवताना अक्षर फार बारीक झाले आहे.